60 मुलं एकत्र बसतात, तरी एकेकटी शिकतात

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात प्रथम वर्षाला मेकॅनिक्स शिकवणाऱ्या एका तरुण मॅडमचा प्रश्न आहे. एनबीएची (इंजिनीअरिंग अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) तयारी म्हणून प्राचार्यांनी त्यांना ‘लर्निंग कम्युनिटी’, म्हणजे मुलांनी एकत्र शिकण्याची व्यवस्था, सुरू करायला सांगितली. त्यांनी रोल नंबरप्रमाणे सहा-सहा मुलांचे गट पाडले, प्रत्येक गटाचा व्हॉट्सॲप ग्रुप केला आणि शनिवारी 3 ते 5 अशी वेळ ठरवली. महिन्याभरात सगळं थंडावलं. एसटीने येणारी मुलं थांबत नाहीत, हुशार मुलं म्हणतात आमचा वेळ फुकट जातो, आणि ग्रुपवर ‘उद्या लेक्चर आहे का’ याच्यापलीकडे काही येत नाही. कुठे चुकलं, आणि हे आपल्याकडे चालण्यासारखं आहे का, असं त्यांनी विचारलंय.

मॅडम, चालण्यासारखं आहे. तुम्ही जे केलंत तेच मी नोकरीच्या चौथ्या वर्षी केलं होतं. तेव्हा व्हॉट्सॲप नव्हतं, म्हणून गटांची यादी नोटीस बोर्डावर लावली. जुलैच्या ओलीने शाई फुटून नावं वाचता येईनाशी झाली, तोवर गट संपलेही होते. दक्षिण कोकणात आधी पॉलिटेक्निकला आणि मग डिग्रीला मिळून 29 वर्षं अप्लाइड मेकॅनिक्स शिकवलं. त्यातली पहिली सात-आठ वर्षं मी हे चुकीच्या टोकाकडून धरत होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ही कल्पना जिथून आली तिथली अडचण आधी बघा. अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांत पहिल्या वर्षाचा विद्यार्थी आपले विषय आणि तास स्वतः जुळवतो. सकाळी गणिताला शेजारी बसलेली मुलगी दुपारी फिजिक्सला दिसेलच असं नाही. शिक्षण तुकड्या-तुकड्यांत होतं, ही तक्रार तिथे जुनी आहे. अलेक्झांडर मेकलजॉन या शिक्षणतज्ज्ञांनी 1927 मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात ‘एक्सपेरिमेंटल कॉलेज’ काढलं, ते या तक्रारीवर उतारा म्हणून. सुटे विषय बंद केले. पहिलं वर्षभर सगळ्यांनी मिळून प्राचीन अथेन्स समजून घ्यायचं, दुसरं वर्षभर आधुनिक अमेरिका. 1932 मध्ये ते बंद पडलं, पण बी राहिलं. 1971 मध्ये वॉशिंग्टन राज्यात एव्हरग्रीन स्टेट कॉलेज सुरू झालं, तिथे अनेक विषयांचे शिक्षक एकाच विषयसूत्राभोवती एकत्र शिकवू लागले. इंजिनीअरिंगमध्ये हे मोठ्या प्रमाणावर आलं ते 1993 नंतर, तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या पैशावर उभ्या राहिलेल्या ‘फाउंडेशन कोअलिशन’मधून. पहिल्या वर्षाची तीच मुलं गणित, फिजिक्स आणि इंजिनीअरिंग अशा तिन्ही वर्गांत एकत्र ठेवायची आणि तिन्ही शिक्षकांनी अभ्यासक्रम एकमेकांना बांधून घ्यायचा.

तिथे मुलांना एका वर्गात आणणं हीच अर्धी लढाई असते. आपल्याकडे ती ॲडमिशनच्या दिवशीच जिंकलेली असते. ए डिव्हिजनची 60 मुलं सकाळपासून त्याच बाकांवर. शिक्षक येतात आणि जातात, मुलं जागची हलत नाहीत. जे मिळवायला तिकडे ग्रँट घ्यावी लागली ते आपल्याला फुकट मिळालंय, आणि फुकटचं म्हणून आपण ते वाया घालवतो. मुलं आधीच एकत्र आहेत, त्यांना शनिवारी पुन्हा एकत्र बोलावून काय होणार? तुटलेत ते विषय, आणि विषय तुटलेत कारण आपण शिक्षक एकमेकांशी बोलत नाही.

मुलांमध्ये कम्युनिटी नसते असं ज्याला वाटतं त्याने सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलवर चक्कर मारावी. काचेखाली दिवा, काचेवर एकाची शीट, तिच्यावर दुसऱ्याचा कोरा कागद. जीटी मारणं, म्हणजे ग्लास ट्रेसिंग. कोणी रेषा ओढतोय, कोणी लेटरिंग करतोय, कोणी चहा आणतोय, आणि पहाटे चारला वीस शीट तयार. इतकं शिस्तीचं, इतकं आपलेपणाचं सहकार्य मी स्टाफ रूममध्ये कधी पाहिलं नाही. त्यातून शीट निघतात, समज निघत नाही, एवढीच अडचण. दोष मुलांचा कमी, आपला जास्त. आपण दिलेलं काम एकाने करून वीस जणांनी उतरवण्याजोगंच असतं. म्हणून कुठलंही काम देण्याआधी मी स्वतःला दोन प्रश्न विचारायला लागलो. हे एकट्याला पुरं होईल का? आणि हे उतरवून काढता येईल का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ आलं तरच ते गटाला द्यायचं.

आता तुमची हुशार मुलं. ती खरं बोलतायत. सहा जणांत बसून ज्या गणिताला त्यांना दहा मिनिटं लागतात त्यावर ती दोन तास का घालवतील? इथे गणिताचे अमेरिकन शिक्षक युरी ट्राइसमन यांचं काम माहीत असावं. 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय मुलं मोठ्या संख्येने नापास होत. प्राध्यापकांना कारण विचारलं तर ठरलेली उत्तरं यायची: आवड नाही, पाया कच्चा, घरी वातावरण नाही, पैसा नाही. ट्राइसमन यांनी 20 कृष्णवर्णीय आणि 20 चिनी वंशाच्या मुलांच्या मागे राहून ती खरोखर अभ्यास कसा करतात ते पाहिलं. चारही कारणं खोटी ठरली. कृष्णवर्णीय मुलं आठवड्याला आठेक तास, सांगितल्याप्रमाणे, मन लावून अभ्यास करत, पण खोलीत एकटी. चिनी मुलंही आठ-दहा तास एकटीच बसत, पण त्यानंतर संध्याकाळी एकत्र येऊन आणखी काही तास एकमेकांची उत्तरं तपासत, कुठे अडलं ते बोलत, जुने पेपर सोडवत. आपलं चुकतंय ते आपल्यालाच कठीण म्हणून, की सगळ्यांनाच, हे त्यांना परीक्षेआधी कळायचं. एकट्या मुलाला ते मार्कशीट आल्यावर कळायचं.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. ट्राइसमन यांनी कच्च्या मुलांसाठी उजळणी वर्ग काढले नाहीत. वर्गातल्या गणितांपेक्षा अवघड गणितं दिली आणि ती गटात सोडवायला लावली. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. ‘स्लो लर्नर’ची यादी काढायची, त्यांना साडेतीननंतर थांबवायचं, आणि जे आधी समजलं नाही तेच जरा हळू आवाजात पुन्हा सांगायचं. त्या यादीत नाव येणं म्हणजे गावभर बोंब. एका मुलाचे वडील रिक्षा चालवायचे, त्यांनी मला स्टँडवर गाठून विचारलं होतं, “सर, पोरगा मंद आहे काय?” त्या दिवशी ती यादी मी फाडली. अवघड काम द्या. हुशार मुलगाही अडला पाहिजे, म्हणजे तो गटाकडे वळतो.

अवघड म्हणजे कसं? माझं सगळ्यात चाललेलं काम सांगतो. साकव, म्हणजे ओढ्यावर खोडं टाकून केलेला छोटा पूल.

गणपतीच्या सुट्टीआधी काम द्यायचं: गावातला एक साकव किंवा वहाळावरचा छोटा पूल बघून या, मापं आणा, आणि तो का मोडत नाही ते सांगा. सुट्टीत मुलं गावी जाणारच, आपण थोपवून थांबत नाहीत. घरी मुंबईचे चाकरमानी आलेले असतात, त्यांत कोणी काका फिटर असतो, कोणी रेल्वेत असतो, कोणी बांधकामावर. गप्पा आपोआप होतात. (मेकलजॉन यांच्या कॉलेजातही मुलांना दोन वर्षांमधल्या सुट्टीत आपापल्या गावाचा अभ्यास करून आणायला लावत. मला हे फार उशिरा कळलं. आधी वाटायचं, ही आपलीच अक्कल.) एक सक्त अट: वहाळाला पाणी असताना खाली उतरायचं नाही, मापं काठावरून, आणि सोबत घरचं मोठं माणूस हवं. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल गाड्यांसकट वाहून गेला, तेव्हापासून पूल आणि पूर या दोन शब्दांचा अर्थ इथल्या पालकांना समजावून सांगावा लागत नाही.

एका वर्षी एका गटाने पोफळीच्या खोडांचा साकव आणला. गावातली माणसं पावसाआधी जुनी खोडं काढून नवी घालतात, तसला. खोडाचा घेर सुतळीने मोजला होता, 47 सेंटीमीटर, म्हणजे व्यास साधारण 15. गटातल्या दोन मुलींनी फ्री बॉडी डायग्राम (वस्तूवरचे भार दाखवणारी आकृती) काढली. 60 किलोचा माणूस चौथाई अंतरावर उभा असला तर अलीकडच्या काठावर 45 चा भार, पलीकडे 15 चा. बरोबर. मग सगळ्यात हुशार म्हणून गणला जाणारा मुलगा म्हणाला, व्यास 15 धरून मोमेंट ऑफ इनर्शिया (वाकण्याला होणाऱ्या विरोधाचं माप) काढू. तेव्हा मागे बसलेला एक जण बोलला. सत्रभर त्याचा आवाज मी ऐकला नव्हता, मॅथ्सच्या दोन्ही टेस्टना तो गळपटला होता. म्हणाला, “सर, आतलो गर भार घेणा नाय. सगळा सालीर आसता.”

पोफळीचं खोड आतून भुसभुशीत असतं, कठीण भाग कडेला. दर वर्षी बापाबरोबर साकव घालणाऱ्या पोराला हे हाताने माहीत होतं. मी म्हटलं, बरं, मग मधला गर अजिबात धरूच नका. गराचा व्यास किती? त्याने बोटांनी दाखवला, दहाएक सेंटीमीटर. गटाने हिशोब मांडला. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने जातं, म्हणून 225 पैकी 100 गेले, 44 टक्के लाकूड बाद. पण मोमेंट ऑफ इनर्शिया जातो चौथ्या घाताने: 15 चा चौथा घात 50,625 आणि 10 चा 10,000, म्हणजे जेमतेम 20 टक्के बाद. निम्म्याच्या जवळपास लाकूड नाहीसं झालं आणि वाकण्याला होणारा विरोध पाचव्या हिश्श्यानेच घटला. वर्ग दोन क्षण गप्प होता. मग कोणीतरी विचारलं, म्हणून सायकलचा दांडा पोकळ असतो काय? त्या प्रश्नासाठी मी आधी कित्येक वर्षं फळ्यावर नुसतंच सूत्र लिहीत होतो.

खरी मजा पुढच्या आठवड्यात झाली. मॅथ्सच्या मॅडमना मी ही गोष्ट चहावर सांगितली. त्या म्हणाल्या, अहो, माझं सध्या ‘एरर्स अँड अप्रॉक्सिमेशन्स’ चालू आहे. त्यांनी तोच साकव वर्गात घेतला. घेर मोजताना सुतळी एक टक्का सैल राहिली तर व्यासात एक टक्का चूक, पण मोमेंट ऑफ इनर्शियात चार टक्के, खोड भरीव धरलं तरी. पोकळ धरलं आणि गराचं माप पक्कं मानलं, तर चूक चारच्याही वर. पार्शल डिफरन्सिएशन कशाला शिकायचं हे त्या डिव्हिजनला कोणी पुन्हा विचारलं नाही. ग्राफिक्सच्या सरांनी त्याच साकवाचा सेक्शनल व्ह्यू (मधोमध कापल्यावर दिसेल तसं चित्र) मागितला, कठड्यासकट. ती शीट जीटी मारून काढता येत नव्हती, कारण प्रत्येक गटाचा साकव वेगळा.

या एवढ्यालाच मी लर्निंग कम्युनिटी म्हणतो. तीन विषय, एक वस्तू, तीच मुलं. बाकी सगळा बंदोबस्त याच्यासाठी.

तो मागे बसणारा मुलगा लगेच मॅथ्समध्ये चमकला वगैरे काही झालं नाही. केटी लागली, म्हणजे विषय राहिला, पुढच्या खेपेला सुटला. पण त्या दिवसापासून गटात त्याला विचारायला लागले, आणि विचारतात म्हटल्यावर तो यायला लागला. जीन लेव्ह या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी लायबेरियातल्या शिंप्यांचा अभ्यास केला होता. तिथला शिकाऊ मुलगा आधी बटणं लावतो, शिलाई दुमडतो, मग शिवायला लागतो, कापड कापणं शेवटी. काठावरचं पण खरं काम करत करत मधे सरकणं, यावर त्यांनी आणि एटिएन वेंगर यांनी 1991 मध्ये शिकण्याचा सिद्धांतच मांडला. मालवणच्या किनाऱ्यावर वाढलेल्याला हे रापणीवरून कळतं. जाळं समुद्रात अर्धगोल टाकून आलं की दोन्ही दोर किनाऱ्यावर ओढायला माणसं लागतात, आणि शेवटाला दोर गुंडाळत बसलेलं दहा वर्षांचं पोरही रापणीतलंच असतं. त्याच्याही हातावर मासे पडतात. जाळं कुठे टाकायचं हे ते वीस वर्षांनी ठरवील. तुमच्या गटातल्या कच्च्या मुलाला ‘तू बस, आम्ही करतो’ म्हटलं की त्याच्या हातचा दोर गेला. सुतळी धरणं, फोटो काढणं, आजोबांना विचारून येणं ही कामं खरी असतील आणि उत्तरात त्यांचा उपयोग होत असेल, तर ती हलकी नाहीत.

आता बंदोबस्त.

शनिवार विसरा. कोकणात कॉलेज सुटल्यानंतर काहीही चालत नाही, कारण शेवटची सोयीची एसटी चुकली की मुलगी घरी आठला पोचते आणि दुसऱ्या दिवशी तिचे वडील प्राचार्यांना फोन करतात. वेळ टाइमटेबलच्या आतच हवी, आणि ती तुमच्याकडे आहे. मेकॅनिक्सचं प्रॅक्टिकल आणि मॅथ्सचं ट्युटोरियल दोन्ही बॅचवार होतात, 20-20 च्या तीन बॅच. टाइमटेबल इन्चार्जना गाठून एका बॅचचे हे दोन तास लागोपाठ घ्या. नवा तास लागत नाही, खोली लागत नाही, मंजुरी लागत नाही. ती 20 ची बॅच हीच तुमची कम्युनिटी, आणि तिच्या आत पाच-पाचचे चार गट. आज त्या बॅच रोल नंबरने पडतात, त्या तशाच पडल्या पाहिजेत असं कुठे लिहिलेलं नाही. मी एसटीच्या मार्गाने पाडायला लागलो. एका गाडीने येणारी मुलं रोज येता-जाता तास-दीड तास एकत्र असतात. तो वेळ तुम्हाला कुठल्याच टाइमटेबलमध्ये मिळणार नाही. हॉस्टेलची मुलं वेगळ्या गटांत ठेवा, त्यांच्याकडे रात्र आहे. दोघांची सरमिसळ मी दोन वर्षं केली आणि दोन्ही वर्षं काम रात्री हॉस्टेलवर झालं, एसटीवाले नुसते सही करायला आले.

यात एक खोच आहे. आपल्या गावांत वाड्या जातवार आहेत, हे तुम्हाला सांगायला नको. मार्गाने गट पाडताना एका थांब्यावरची सगळी मुलं एका गटात गेली की जुनी वाडीच वर्गात आणून बसवल्यासारखं होतं. म्हणून गाडी एक, थांबे वेगवेगळे. आणि पाचांत एकटी मुलगी ठेवू नका, दोन तरी हव्यात. एकटीला ‘तुझं अक्षर चांगलं आहे’ म्हणून जर्नल देतात आणि सुतळी मुलगे धरतात. मी हे इतक्या वेळा पाहिलंय की आता अक्षराची स्तुती ऐकली की कान टवकारतात. कॅपच्या (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) शेवटच्या फेरीतून उशिरा येणाऱ्यांसाठी सुरुवातीला चार-चारचेच गट करून एकेक जागा मोकळी सोडा. नाहीतर उशिरा आलेल्यांचाच एक गट होतो आणि तो वर्षभर उशिराच राहतो.

दुसऱ्या वर्षी डिप्लोमावाले थेट प्रवेशाने येतात तेव्हा हीच मांडणी सोन्यासारखी आहे. त्यांचे हात वर्कशॉपमध्ये तयार असतात आणि इंटिग्रेशन बघून पोटात गोळा येतो. बारावीवाल्यांचं उलटं. सावडीने लावणी करतात तसं, आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. गट आपोआप टिकतो, कारण कोणीच कोणावर उपकार करत नाही.

गुणांचं काय? सतत मूल्यमापनाचे जे काही गुण तुमच्या हातात आहेत त्यांतले थोडे गटाला द्या, जास्त एकेकट्याला. ओरलच्या वेळी चिठ्ठी काढायची. ज्याचं नाव निघेल त्याने गटाच्या कामातला मी विचारीन तो भाग समजावायचा, आणि त्याच्या उत्तरावर गटाचे गुण. पहिल्या वेळी रडारड होते. दुसऱ्या वेळेपासून हुशार मुलं कच्च्यांना एसटीत पाठ करून घेताना दिसतात, आणि तिसऱ्या वेळेला पाठ केलेलं उघडं पडतं म्हणून समजावून सांगायला लागतात. फुकट्या एखादा राहतोच. त्याला गटाने माझ्याकडे लेखी तक्रार करून काढायची मुभा ठेवली होती. फार थोड्या वेळा वापरली गेली, धाक मात्र पुरला.

बोलणं कुठल्या भाषेत होऊ द्यायचं, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण येईल. गटात मालवणी चालू द्या, मराठी चालू द्या, कैचीला कैचीच म्हणू द्या आणि आढं, वासे, रिपा हे शब्द फळ्यावर लिहा. त्यांच्या शेजारी ट्रस, रिज, राफ्टर, बॅटन. एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने) 2021 पासून भारतीय भाषांत इंजिनीअरिंग शिकवायला वाट मोकळी केली, तरी तुमच्या मुलांचा पेपर इंग्रजीतच आहे, तेव्हा लेखी काम इंग्रजीत घ्या. पण विचार होईपर्यंत भाषेवरून टोकू नका. पोफळीचा मुलगा इंग्रजीत बोलायला लावला असता तर बोललाच नसता.

व्हॉट्सॲपला दोष नाही. ग्रुप बंदही करू नका. फक्त तिथून शिक्षकाने निघून जावं. तुम्ही तिथे आहात म्हणून तो नोटीस बोर्ड झालाय. अडलेल्या गणिताचा फोटो सरांच्या समोर टाकायला कोणालाच आवडत नाही. त्यापेक्षा दुसऱ्या वर्षाचा एखादा मुलगा बॅचमागे घ्या. मिसुरी-कॅन्सस सिटी विद्यापीठात 1973 पासून सीनियर विद्यार्थ्यांकडून अशी जोड-सत्रं घेण्याची पद्धत आहे, तिथे त्या विषयात चांगले गुण मिळवलेले निवडतात. माझा अनुभव जरा वेगळा आहे. एम-वनला (पहिल्या सत्राच्या मॅथ्सला) केटी लागून ती जिद्दीने सोडवलेला मुलगा टॉपरपेक्षा बरा. आपण नेमके कुठे घसरलो ते त्याला आठवत असतं.

सगळ्यात अवघड भाग मी मागे ठेवलाय. तुमचे सहकारी. तीन विषयांचे तीन शिक्षक आठवड्यातून अर्धा-पाऊण तास एकत्र बसले नाहीत तर वरचं काही उभं राहत नाही. माझ्या एका कॉलेजात मॅथ्सच्या मॅडम तासिका तत्त्वावर होत्या. जितके तास शिकवतील तितके पैसे, चहाच्या टेबलावर बसण्याचे शून्य. त्यांनी तरी वर्षभर साथ दिली आणि पुढच्या वर्षी त्यांना बोलावलंच नाही, कारण वरून कोणीतरी कायम आलं. नवे सर चांगले होते, पण साकवाचं सगळं पुन्हा पहिल्यापासून. मी ऑफिसला लिहून दिलं की हा बैठकीचा तास वर्कलोडमध्ये धरा. पत्राला उत्तर आलं नाही. तुम्ही मात्र मागा, आणि लेखी मागा. तुमच्या हातात आता एक हुकमी पत्ता आहे: जून 2014 मध्ये भारत वॉशिंग्टन अकॉर्डचा (इंजिनीअरिंगच्या पदव्या एकमेकांच्या देशांत मानण्याच्या कराराचा) कायम सदस्य झाल्यापासून एनबीए पदवीधराच्या अंगी काय काय आलं ते विचारते, आणि त्यात सांघिक काम आहे. प्राचार्यांना फाइल हवी आहे ना? मग फाइलसाठी तास द्या म्हणावं. पुरावा म्हणून हार घातलेल्या पाहुण्यांचे फोटो लावू नका. मुलांची खाडाखोड केलेली मापं लावा, आणि गटातल्या कोणाला काय अडलं त्याच्या नोंदी लावा. तपासणीला येणारी माणसंही शिक्षकच असतात, त्यांना फरक कळतो.

या सत्रात नवीन काही सुरू करू नका, मुलं एकदा पोळली आहेत. गट विसर्जित केले म्हणून सांगून टाका, त्यांनाही हायसं वाटेल. उद्या मॅथ्स शिकवणाऱ्या मॅडम किंवा सरांकडे तुमचा मेकॅनिक्सचा लेसन प्लॅन घेऊन जा, त्यांचा मागून घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवून आठवड्यांवर बोट फिरवा. सेंट्रॉइडला (आकाराचा मध्यबिंदू काढायला) तुम्हाला इंटिग्रेशन कोणत्या आठवड्यात लागतं आणि त्यांच्याकडे ते कधी येतं, एवढंच बघा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पाच आठवड्यांचं अंतर निघालं होतं, आणि आम्ही दोघं त्याच स्टाफ रूममध्ये सहा वर्षं समोरासमोर डबा खात होतो.